साधा फोन म्हणजे कुणाला साधा?

(जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली इथे बचतगटातल्या बायका, अंगणवाडी सेविका, आशा आणि कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

मैत्रिणींनो, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, गटाच्या अध्यक्ष, सचिव, आणि ज्या कशाच्याच अध्यक्ष नाहीत पण ज्यांच्यामुळे गट चालतो त्या सगळ्याजणी,

आज बोलायचं आहे मोबाईलवर. म्हणजे मोबाईलबद्दल. गावोगावच्या बैठकीत मला बायका एक प्रश्न हमखास विचारतात. 'ताई, आमच्यासारख्या अडाण्यांना चालवता येईल असा साधा फोन कुणी का करीत नाही?' प्रश्न रास्त आहे. पण त्यातल्या दोन शब्दांपाशी मला थांबावंसं वाटतं. एक 'अडाणी' आणि दुसरा 'साधा'.

आधी अडाणी. इथे बसलेल्या किती जणींनी हळद काढली आहे, शिजवली आहे, वाळवली आहे? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच. कंद शिजला की नाही हे नुसत्या बोटानं दाबून कोणाला कळतं? आपल्याला. गटातल्या दहा जणींचे हप्ते, कुणाचं व्याज राहिलं, कुणी दोन महिने भरलं नाही, हे वही न उघडता कोण सांगतं? आपणच. पिठाची गिरणी बंद पडली तर आपण म्हणतो, गिरणी बिघडली. पण फोन कळला नाही तर म्हणतो, मीच अडाणी. असं का? ज्या वस्तूनं आपलं काम करायचं ती काम करीत नसेल, तर खोट वस्तूत शोधायची की आपल्यात?

फोन आभाळातून पडत नाही. कोणीतरी बसून ठरवतं की बटण कुठे असेल, अक्षर केवढं असेल, कोणत्या भाषेत असेल, काय आधी दिसेल आणि काय चार पायऱ्या आत दडलेलं असेल. हे ठरवताना त्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो. माझं म्हणणं एवढंच की त्या माणसाच्या जागी फार क्वचित आपण असतो. आणि जेव्हा जेव्हा कुणी आपल्याला डोळ्यांपुढे ठेवलं, तेव्हा तेव्हा वस्तू बरी निघाली.

कुणीतरी पाहिलं तेव्हा

भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा ही मोठ्या लोकांची वस्तू होती. आलेल्या फोनचेही पैसे पडत. पुढे आठ वर्षांनी, २००३ साली, नोकिया कंपनीचा ११०० नावाचा फोन आला. तुमच्यापैकी अनेकींच्या घरात तो होता. आठवतो ना? वरच्या टोकाला छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च. बटणांवर एकसंध रबरी आवरण, त्यामुळे धूळ आत जात नसे. घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा. कॅमेरा नाही, इंटरनेट नाही. जगभरात असे २५ कोटींहून जास्त फोन विकले गेले.

त्या फोनमध्ये बुद्धी फार नव्हती, पण पाहणं होतं. वीज जाते, रस्ता मातीचा असतो, माणूस घामात काम करतो, हे कोणीतरी पाहिलं होतं. आपल्याकडे तर भारनियमनाचे दिवस होते. रात्री शेताला पाणी द्यायला जाणारा आणि पहाटे अंधारात बाहेर जाणारी बाई, दोघांनाही त्या टॉर्चचा उपयोग झाला.

त्याच कंपनीनं २००७ साली आणखी एक फोन काढला, १२०० नावाचा. त्यात नंबरांच्या वह्या एकाहून जास्त ठेवता येत, आणि एकेका बोलण्याला किती पैसे गेले हेही मोजता येई. का? तर गरीब घरात फोन एकाचा नसतो, घराचा असतो, शेजाऱ्याचाही असतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सासूचे नंबर वेगळे, सुनेचे वेगळे, मुलाचे वेगळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आणि एक शोध तर कोणत्याच कंपनीनं लावला नाही, तो आपण लावला. मिसकॉल! एक वाजवला तर पोचले, दोन वाजवले तर फोन कर. पैसे न घालवता निरोप. ज्यांना अडाणी म्हणतात त्यांनी कंपनीच्या यंत्रातून स्वतःची भाषा तयार केली.

टचचा फोन आला आणि बाई पुन्हा मागे गेली

मग आला टचचा मोबाईल. त्यात सगळं जग आहे म्हणतात. असेलही. पण तो करताना काय काय गृहीत धरलं ते बघा. माणसाला वाचता येतं. बोटं मऊ आहेत. रेंज असते. रिचार्ज मारायला दर महिन्याला पैसे असतात. आणि सगळ्यात मोठं गृहीत म्हणजे एक माणूस, एक फोन.

आता आपल्याकडची परिस्थिती बघू. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का? देशात १०० पैकी ५४ जणींनी हो म्हटलं. ज्यांच्याकडे आहे त्यांतल्याही १०० पैकी ७१ जणींनाच त्यावरचा मेसेज वाचता येत होता. बाकीच्यांचा फोन कुठे आहे? नवऱ्याच्या खिशात, नाहीतर कॉलेजातल्या पोराच्या हातात. म्हणजे सामायिक फोन ही गोष्ट २००७ साली एका कंपनीला कळली होती, आणि महागड्या फोनांच्या गर्दीत ती पुन्हा विसरली गेली.

बोटांचंही तसंच. कापूस वेचून, हळद खणून, भांडी घासून ज्या हातांवर घट्टे पडतात, त्या हातांचा ठसा यंत्राला नीट उमटत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलेल्या बाया तुम्ही पाहिल्या आहेत. दोष कष्टाचा ठरतो, यंत्राचा ठरत नाही.

वाचता न येणाऱ्या बाईसाठी पडदा कसा असावा

हे सगळं अशक्य आहे का? मुळीच नाही. बंगलोरला इंद्राणी मेढी नावाच्या संशोधक बाईंनी याच प्रश्नावर काम केलं. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन संस्थेत त्या होत्या. त्या झोपडवस्तीत घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर बसल्या. स्त्री जागृती समिती ही संघटना त्या बायकांमध्ये काम करते, तिची मदत त्यांना झाली. प्रश्न असा होता की ज्या बाईला अक्षर येत नाही, तिला घरकामाची नोकरी पडद्यावर बघून निवडता येईल का?

त्यातून जे कळलं ते आपल्या कामाचं आहे. पहिली गोष्ट, अक्षर न येणाऱ्या अनेक बायकांना आकडे मात्र ओळखता येत होते. पैशाच्या व्यवहारात आयुष्य गेलेलं असतं, आकडा येणारच. तेव्हा आकडे ठेवा, बाकीचं चित्रानं आणि आवाजानं सांगा. दुसरी, नुसतं वस्तूचं चित्र काढलं तर त्यातून काम कळत नाही. नळ आणि भांडी काढली तर बाई म्हणते, हे स्वयंपाकघर. पण नळातून पाणी पडताना दाखवलं की लगेच कळतं, ही भांडी घासायची गोष्ट आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्रं कळली, आवाज कळला, तरी बायका पुढे जाईनात. कारण हे यंत्र आपल्याला नोकरी कशाला सांगेल, यामागे कोण आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. मग एक छोटी फिल्म दाखवली. मालकीण तिची माहिती देते, ती यंत्रात येते, मग कामवाली बाई ती बघते. ते पाहिल्यावर बायका वापरू लागल्या.

म्हणजे बाई अडते ती नेहमी अक्षरापाशीच अडते असं नाही. ती अडते ते कारण न कळल्यामुळे. हे कशासाठी, कोणासाठी, माझी माहिती कुठे जाते, हे तिला कोणी सांगतच नाही. आपण ज्याला भीती म्हणतो ती पुष्कळदा शहाणी शंका असते.

अंगणवाडीताईंनी काय दाखवून दिलं

इथे अंगणवाडीच्या ताई बसल्या आहेत, त्यांना हे मी सांगायला नको. पण बाकीच्यांसाठी सांगते. पोषण अभियानात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना शासनानं मोबाईल दिले. त्यात लेकरांची नावं, वजन, उंची, आहार, सगळं भरायचं. फोनची ताकद एवढीशी आणि ॲप एवढं मोठं. फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी. २०२१ साली पोषण ट्रॅकर नावाचं नवं ॲप आलं, तर ते इंग्रजीत! मराठी शाळेत शिकलेल्या आणि मराठीत वीस-वीस वर्षं रजिस्टरं लिहिणाऱ्या बाईनं लेकराचं नाव इंग्रजीत भरायचं.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे मोबाईल शासनाला परत केले. एकीनं नाही, हजारोंनी. पुढे फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगला मोबाईल द्या ही मागणी होती. त्या काळात काही लोक म्हणाले, यांना शिकायचंच नाही, यांना काम नको. मैत्रिणींनो, ते काम नाकारणं नव्हतं. आमच्या कामाचं यंत्र आम्हाला विचारून करा, आमच्या भाषेत करा, असं सांगणं होतं. माझ्या मते फोन कसा असावा यावर महाराष्ट्रातल्या बायकांनी मिळून दिलेला हा फार मोठा अभिप्राय आहे. तो कागदावर नव्हता, परत केलेल्या फोनांच्या ढिगात होता.

आणि गंमत म्हणजे नियम आधीपासून होता. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलवर २२ भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, असा नियम केंद्र सरकारनं २०१६ सालीच काढला होता. फोनला मराठी येत होती. ॲपला येत नव्हती.

ओटीपी कुणाच्या खिशात?

आता सगळ्यात अवघड मुद्द्याकडे येते. समजा उद्या फोन मराठीत झाला, बोलू लागला, अक्षरं मोठी झाली, बटणं तीनच राहिली. झाला का साधा?

बचतगटाच्या एका बैठकीत एक बाई मला म्हणाली, 'ताई, माझ्या खात्यात पैसे आले की गावाला आधी कळतं, मला शेवटी.' कारण बँकेला जोडलेला नंबर पोराचा. मेसेज त्याला येतो. ओटीपी त्याला येतो. पैसे काढायचे तर त्याला विचारायचं. खातं तिचं, आधार तिचं, अंगठा तिचा, पण किल्ली त्याच्याकडे.

२०२४ साली राज्य शासनानं लाडकी बहीण योजना आणली. महिन्याला १५०० रुपये बाईच्या नावानं, बाईच्या खात्यात. चांगलं झालं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारच्या ओटीपीनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्याही मोबाईलवरचा ओटीपी मागितला जाऊ लागला. आता बघा. ज्यांचे नवरे वारले, ज्यांना नवऱ्यानं टाकलं, ज्यांचा काडीमोड झाला, त्यांनी ओटीपी कुणाला मागायचा? ओरड झाली, मग मुदत वाढवली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. पण मुळात तो पडदा ज्यानं आखला, त्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं? जिच्या मागे नवरा नाहीतर बाप उभा आहे अशी बाई. एकटी बाई त्याला सुचलीच नाही. यात अक्षर कळण्याचा काही प्रश्न नव्हता. एमए झालेली परित्यक्ताही तिथेच अडली असती.

उलटही होतं. फोन बाईसाठी 'सुरक्षित' करायचा म्हणून तो तिच्या हातातूनच काढून घेतात. २०१६ साली गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज नावाच्या गावानं अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली, दंड २१०० रुपये. मुलांना बंदी नाही. आपल्याकडे असा ठराव होत नाही, पण घराघरात न लिहिलेला ठराव असतोच. पोरीच्या फोनला कुलूप नको, बायकोच्या फोनची यादी रात्री बघायची, माहेरी बोलायचं तर स्पीकर लावून. बाईसाठी सोपा केलेला फोन म्हणजे नवऱ्याला तपासायला सोपा केलेला फोन, असं व्हायला नको.

म्हणून मी साध्या फोनची माझी व्याख्या सांगते. बाईला तिच्या गरजेची गोष्ट, शेजारी कुणी नसताना, कुणाला न विचारता, एकटीला करता आली पाहिजे. ती करता आली तर फोन साधा. नाही तर दहा बटणं असोत की एक, तो अवघडच.

आपल्याला काय हवं

गावोगावच्या बैठकांत बायकांनी जे सांगितलं ते मी जुळवून मांडते. तुम्ही त्यात भर घाला.

एक. फोन बोलला पाहिजे, आणि मराठीत बोलला पाहिजे. आलेला मेसेज वाचून दाखवायचं बटण वरच असावं, चार पायऱ्या आत नको. पण तो कानाशी धरून ऐकता आला पाहिजे. बँकेतली शिल्लक साऱ्या ओसरीला ऐकू जायला नको.

दोन. फोन घरात एकच असला तरी त्यात बाईचा कप्पा वेगळा असावा. तिचे नंबर, तिचे मेसेज, तिचं कुलूप. आकड्याचं किंवा चित्राचं.

तीन. बटणं खरी असावीत, घट्टे पडलेल्या बोटांना, ओल्या हातांना लागणारी. बॅटरी दोन-तीन दिवस टिकावी. ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या कोपीवर चार्जिंगचा बोर्ड नसतो.

चार. पैसे साध्या बटणाच्या फोनवरूनही पाठवता यावेत. हे स्वप्न नाही. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं इंटरनेट नसलेल्या फोनसाठी युपीआय १२३पे सुरू केलं. फोन लावून, मिसकॉल देऊन पैसे देता येतात. दिवस महिला दिनाचा होता. पण बँकेच्या दारात याची पाटी तुम्ही पाहिली आहे का?

पाच. चूक झाली तर मागे जायचं एक बटण, नेहमी एकाच जागी. बाई फोनला घाबरत नाही, काहीतरी दाबलं जाऊन पैसे जातील याला घाबरते. आणि ती घाबरते ते खोटं नाही.

सहा. संकटाचं बटण. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ते असलंच पाहिजे असा नियम आहे. बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, टचच्या फोनवर शेजारचं चालू-बंदचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. मदत ११२ क्रमांकाची. इथे किती जणींना हे ठाऊक होतं? चार हात. चार! फोन विकताना दुकानदारानं सांगितलं नाही, कंपनीनं सांगितलं नाही. बटण आहे, पण ते आपल्यापर्यंत पोचलं नाही. ज्या सोयीचा पत्ता बाईला ठाऊक नाही, ती सोय झाली असं म्हणता येत नाही.

आता काम

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करायचं. एक फोन मधे ठेवायचा. प्रत्येकीनं पाळीपाळीनं तीन गोष्टी करून बघायच्या. आलेला मेसेज समजून घेणं, खात्यातली शिल्लक बघणं, आणि माहेरी किंवा मैत्रिणीला फोन लावणं. शेजारणीनं सांगायचं नाही, हातातून फोन घ्यायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं. कोण कुठे अडली ते एकीनं वहीत लिहायचं. 'सखूबाईला जमलं नाही' असं लिहायचं नाही. 'शिल्लक दाखवायचं बटण इंग्रजीत होतं म्हणून जमलं नाही' असं लिहायचं. या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यासाठीच आजची बैठक आहे.

दुसरं, बँकेत आणि आधारला आपला नंबर कोणता जोडला आहे ते प्रत्येकीनं शोधून काढायचं. दुसऱ्याचा असेल तर आपला करून घ्यायचा. स्वतःचा नंबर नसेल तर गटाच्या कर्जात बियाणं बसतं, शिलाई मशीन बसतं, तसं बटणाचा फोन आणि सिमकार्डही बसवा. ते चैनीचं कर्ज नाही. घरात यावरून कुरबुर होईल. तेव्हा एकटीनं भांडायचं नाही, गटातल्या चौघींनी मिळून घरी जायचं.

तिसरं, त्या वह्या घेऊन आपण तालुक्याला जाऊ, बँकेत जाऊ, तहसीलला जाऊ. ॲप करणाऱ्यांपर्यंत आपला आवाज पोचत नाही म्हणतात. अंगणवाडीताईंचा पोचला होता. त्या मिळून गेल्या म्हणून पोचला.

आता मी थांबते. खाली बसण्याआधी ज्यांच्याजवळ फोन आहे त्यांनी तो बाहेर काढा, आणि ज्यांच्याजवळ नाही त्यांनी शेजारणीचा हातात घ्या. ५ किंवा ९ चं बटण कुठे आहे, टचच्या फोनचं शेजारचं बटण कुठे आहे, ते बोटानं शोधा. आज दाबू नका, फोन खरंच लागेल. पण बोटाला जागा ठाऊक होऊ द्या, अंधारातही सापडेल इतकी.